तात्यांचा उशिरा पाहणारा डोळा

आमच्या शाळेत सगळ्यांच्या कपाळाला लक्षपट्टी बांधतात. मेंदूतले विजेचे बारीक तरंग मोजून, मूल शिकण्यात रमलंय की नाही ते ही पट्टी सांगते. रमलं तर हिरवा दिवा, नाही तर लाल. माझा दिवा पहिल्याच तासाला लाल व्हायचा, तो शाळा सुटेपर्यंत लालच. पण दर गुरुवारी, पठारावरच्या पवनचक्क्यांच्या दुरुस्तीशाळेत, तोच दिवा दिवसभर हिरवा असायचा. डोकं तेच, पट्टी तीच. मग असं का?

हे कोडं सोडवावं असं कुणालाच वाटलं नाही, याचा मला जास्त संताप आला. शाळेत मन न रमणाऱ्या मुलांना आठवड्यातून एक दिवस प्रत्यक्ष कामावर पाठवायची योजना होती. गायधनी सरांना, म्हणजे आमच्या मुख्याध्यापकांना, ते लाड वाटायचे. त्यांनी ठरवून टाकलं, की दिवाळीनंतर उर्वी कदम, म्हणजे मी, ‘ड’ तुकडीत. ‘ड’ तुकडीला विज्ञान नाही आणि गुरुवारही नाही. पोराला भूक नाही म्हणून त्याचं ताटच उचलून न्यायचं, असला हा न्याय.

दुरुस्तीशाळेत मला तात्या शिकवायचे. तात्या यंत्रमानव आहेत, पण सारखं समजावत बसतात म्हणून सगळे त्यांना तात्या म्हणतात. तिथली एक रीत आहे. छोट्या पवनचक्कीचं चाक जोडून झालं, की ज्यानं बोल्ट आवळले त्यानंच चाचणीच्या खांबाला तळहात लावून उभं राहायचं आणि मग चाक सुरू करायचं. बोल्ट सैल राहिला तर खांब थरथरतो. माझं पहिलं चाक असं थरथरलं, की माझे दात वाजले. तात्यांना रागवावंच लागलं नाही.

‘ड’ तुकडीचं ऐकल्यावर तात्यांनी जळमटं काढायचा बांबू घेतला आणि तळहातावर उभा धरला. बांबू डुलायचा, हात त्याच्याबरोबर सरकायचा, पण बांबू काही पडला नाही. मग त्यांनी आपल्या डोळ्यात एक बदल केला. आता त्यांना सगळं एक सेकंद उशिरा दिसणार होतं. बांबू उजवीकडे कलला, हात मात्र जिथल्या तिथे राहिला. हात हलेपर्यंत बांबू जमिनीवर पडला होता.

“हात तोच, डोळा तोच, पोरी,” तात्या म्हणाले. “फक्त बातमी उशिरा आली.”

याला प्रत्याभरण म्हणतात (आपण जे केलं त्याचा परिणाम आपल्याकडे परत येणं आणि त्यावरून पुढची कृती सुधारणं). ते लगेच मिळालं तर हात शिकतो आणि मनही रमतं. खांबाजवळ मला ते त्याच क्षणी मिळायचं. शाळेत जूनमध्ये चुकलेलं गणित मला दिवाळीच्या निकालात कळायचं. तोवर ते गणितसुद्धा आठवत नसे. मग लाल दिवा खोटाच की, असं मी म्हटलं. तात्यांना ते पटलं नाही. थर्मामीटर ताप किती ते सांगतो, ताप कशानं आला ते सांगत नाही, पट्टीचंही तसंच, असं ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी सरांच्या खोलीत गेले. नकाशा दाखवायची छडी मी त्यांना तळहातावर उभी धरायला सांगितली. सरांना ती छान जमली. मग मी त्यांना डोळे मिटायला सांगितलं. छडी पडली. त्यांनी पुन्हा धरली, पुन्हा पडली.

“सर, आता तुम्हाला ‘ड’ तुकडीत घालायचं का?”

सर चिडतील असं वाटलं होतं. त्यांनी छडी उचलून टेबलावर ठेवली. मग त्यांनी एवढंच विचारलं, की तुझ्या तात्यांकडे अजून किती मुलं मावतील?

दिवाळीनंतर आमची गणितं त्याच तासाला तपासायला लागले. इतिहासाला माझा दिवा अजून लाल होतो, त्याचंही काहीतरी करावं लागेल. आणि गुरुवारी ‘ड’ तुकडी पठारावर आली. त्यातल्या इरफान शिकलगारनं बोल्ट आवळले आणि खांबाला तळहात लावला. चाक अजून सुरूही झालं नव्हतं, तरी त्याचा दिवा हिरवा होता. तीन वर्षं त्याला कुणी कशालाच हात लावू दिला नव्हता.