हळदीत निघालेलं नाव

मांडव्याच्या बोटीत वारा मोठा होता. आपलं गुणगुणणं कुणाला ऐकू जाणार नाही असं हेतलला वाटलं, म्हणून कठड्याला टेकून, पाण्याकडं तोंड करून ती मोकळी झाली होती —

पाच नारी गो, हलद वाटिती,
अमुक बालाच्या गाली लाविती…

"हा अमुक कोण?"

ती दचकून वळली. मागच्या बाकावर एक तरुण बसला होता. मांडीवर गोणपाटात गुंडाळलेला होडीचा पितळी पंखा, जसं कुणी लेकरू घेऊन बसावं. बोटांना ग्रीस, डोळ्यांत हसू.

"कुणी नाही."

"बिचारा! हळद लागली, आन् नाव पन न्हाय त्याला. धवलारीण हायस काय?"

धवलारीण. कोळ्यांच्या लग्नात हळदीपासून अक्षतांपर्यंत धवला, म्हणजे लग्नाची गाणी, गाऊन लग्न लावणारी बाई. हेतलच्या आतेनं जन्मभर तेच केलं. लहानपणापासून तिच्यामागं ताट धरून चालताना हेतलनं एकच स्वप्न पाहिलं होतं — आपलं स्वतःचं धवला मंडळ. आतेचा आवाज बसला, तशी हिनं अलिबागच्या मोबाईलच्या दुकानातली नोकरी सोडली. मागं सूर धरायला दोघी जमवल्या, आणि पहिली हळद स्वतःच्या नावावर घेतली. पण दुकानातल्या मैत्रिणी हसल्या होत्या ना — 'म्हाताऱ्यांचं काम गो ते!' ते हसू अजून अंगाला चिकटून होतं.

"छे! मी मोबाईलच्या दुकानात असते," ती म्हणाली. आणि कान तापले.

"मग अमुकच्या जागी विनेश म्हन. तालात बसतं."

"हा कोण आता?"

"मीच. थळचा. इंजिनं दुरुस्त करतो. नाव उसनं देतो, काम झालं का परत कर."

"नाही परत केलं तर?"

कसं निघून गेलं तोंडातून! तिनं जीभ चावली. तो मात्र मांडवा येईपर्यंत त्या पंख्याकडं बघून हसत राहिला.

घरी आल्यावर हेतलनं धवला घोकला. भांडी घासताना, कपडे वाळत घालताना, विहिरीवर. आते खाटेवरून हातानंच ताल द्यायची, मान डोलवायची. आणि अमुकच्या जागी… आता काय सांगावं!

हळद थळलाच होती. जनीबाईंच्या निकेतची. निकेत पाटावर बसला, बायका दाटीनं भोवती जमल्या, आणि हेतलनं माईक हातात घेतला. पहिल्या दोन ओळींतच मांडव शांत झाला. एक म्हातारी डोळे मिटून झुलू लागली. हेतलचा आवाज माडासारखा सरळ वर गेला…

तेवढ्यात मांडवाच्या खांबाशी कुणीतरी येऊन उभं राहिलं. खांद्यावर खुर्च्यांची चळत. तोच! निकेतचा मावसभाऊ निघाला होता तो. त्यानं तिला ओळखलं, भुवया उंचावल्या, आणि हळूच अंगठा-करंगळी कानाला लावली — मोबाईल?

हेतल भर गळ्यानं गायली —

विनेश बालाच्या गाली लाविती…

आणि मागं धरणाऱ्या दोघींनी तेच उचललं. दुप्पट आवाजात.

मग मांडव असा हसला की कनात हलली. एका करवलीनं ओंजळभर हळद घेतली, धावत जाऊन विनेशच्या तोंडाला फासली. "नाव निघालं गो! लावा, लावा!" फोन वर झाले. जनीबाई मात्र हसल्या नाहीत.

"गो पोरी, पोरगा माजा, पाट माजा, आन् हळद भलत्याच्या नावानं? शुभकार्य हाय का तमाशा?"

माईक खाली ठेवून हेतल निघाली. कुणाकडंही न बघता.

वाळत घातलेल्या बोंबलांच्या आडोशाला ती वाळूत बसली. गुडघ्यांत तोंड घातलं तरी लाज आत शिरतच होती. व्हिडिओ आतापर्यंत घरी, रेवसला पोचला असेल. कुणीतरी आतेच्या खाटेशी जाऊन फोन धरेल… ज्या मांडवात आतेचं नाव आदरानं घेत, तिथं आता हेतलचं नाव काढून बायका हसून लोळतील. कोण बोलावील पुन्हा? कोणती आई आपल्या पोराची हळद हिच्या तोंडी देईल?

"हेतल…"

कपाळापासून हनुवटीपर्यंत पिवळा झालेला विनेश समोर उभा होता.

"जा इथून."

"मी मावशीला सांगितलं, चूक माजी. बोटीत मीच नाव दिलं, तिचा दोष न्हाय."

"सगळ्यांसमोर?"

"व्हय. माईकवर."

"अरे देवा!" ती ताडकन उठली. "म्हणजे आता सगळ्या गावाला कळलं, मी तुझं नाव घोकत होते!"

"घोकत होतीस?"

वारा पडल्यासारखं झालं. ती बोंबलांच्या रांगेकडं बघू लागली.

"…तालात बसतं म्हणून."

"निकेतपन बसतो गो तालात. तेवढाच."

हळदीची सुपारी घेतली त्या दिवसापासून नवरदेवाचं नाव हेतलला माहीत होतं. म्हटलं असतं तर केव्हाच म्हणता आलं असतं. त्यालाही ते कळलं, आणि कळल्यावर तोच लाजला. पिवळ्या तोंडावर ते काही लपेना.

"चल," तो हळू म्हणाला. "निकेत अजून पाटावरच हाय. मावशी बोलते, धवला पुरा झाल्याबिगर उठायचं न्हाय. पायाला मुंग्या आल्यात त्याच्या."

"मला नाही जमायचं. तोंड कसं दाखवू?"

"माज्याकडं बघ. हे तोंड घेऊन मी आलो ना कोळीवाड्यातून?"

ती गेली. बायका कुजबुजल्या, कुणी खोकल्या, कुणी पदरात हसल्या. मान खाली घालूनच तिनं माईक उचलला. जनीबाईंनी ताट पुढं सरकवलं — "पयल्यापासून गा. आन् डोळे माज्या पोरावर ठेव."

पहिल्या ओळीला आवाज कापला. दुसरीला सावरला. नावाची जागा आली, तसा सगळा मांडव पुढं वाकला.

निकेत बालाच्या गाली लाविती…

स्वच्छ, खणखणीत. मघाची म्हातारी पुन्हा झुलू लागली. जनीबाईंनी पहिलं बोट पोराच्या गालाला लावलं, आणि त्यांचे डोळे भरून आले. हेतल मग थांबलीच नाही. आतेकडून शिकलेलं सगळं एकामागून एक येत गेलं.

निघताना वरसोलीच्या एका बाईनं हात धरला. "आमच्या पोरीची हळद चैतात हाय. येशील? नवऱ्याचं नाव आदुगर पाठ करून घेऊ तुज्याकडून." हसली, पण हात सोडला नाही. हेतल लाजून हो म्हणाली.

दाराशी विनेश उभा.

"एक विचारू? धवलारीणीच्या लग्नात धवला कोण गातं?"

"दुसरी धवलारीण. नावं न चुकवणारी."

"मग शोधायला लागू?"

पदराचं टोक बोटाला गुंडाळून हेतलनं त्याच्या कानामागची हळद पुसायला घेतली — आणि पुसता पुसता थांबली.

"राहू दे तेवढी," ती म्हणाली.