भिंतीच्या जागी ओटा

"घर भिंतींनी बनत नाही, माणसांनी बनतं! माणसामाणसांमधल्या भिंती पाडणं, हाच खरा संसार!"

वैशाखातल्या एका सकाळी, टोकावड्याच्या अलीकडच्या एका लहानशा गावात, अनिलने ही घोषणा केली, कल्याणहून आणलेला घण डोक्यावर उचलला आणि स्वयंपाकघर आणि माजघर यांच्यामधल्या भिंतीवर सगळं बळ एकवटून हाणला. भिंत बिचारी कारवीच्या कुडाची, वरून शेणामातीचा लेप. एवढ्या थोर विचारांची तिला सवय नव्हती. घण तिच्यातून आरपार गेला आणि पलीकडच्या फळीवरच्या लोणच्याच्या बरणीवर आदळला. माणसं किती जवळ आली ते देव जाणे, पण वर्षभराच्या कैऱ्या मात्र जमिनीवर एकत्र नांदू लागल्या!

अनिलची आई सकुबाई खाली बसून काचा वेचू लागली. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"आई, लोणच्यासाठी रडतेस? पुन्हा घालू की!"

"रडतंय कोन? मसाला गेला डोळ्यात," ती म्हणाली. आणि पदराआडून तिने त्या भगदाडाकडे एकदा पाहून घेतलं... भगदाडातून माजघर दिसत होतं, माजघरातली घोंगडी दिसत होती आणि घोंगडीवर मान खाली घालून बसलेले तिचे थोरले दीर, धोंडीआप्पा, दिसत होते. त्या जागेवरून ती त्यांना प्रथमच पाहत होती. तिने झटकन पदर पुढे ओढला.

अनिल कल्याणला लोकांच्या घरात किचन बसवायच्या कामावर होता. मोठमोठ्या फ्लॅटांत त्याने 'आयलंड' बसवले होते. आयलंड म्हणजे स्वयंपाकघराच्या मधोमध, चहूकडून मोकळा असा ओटा. एका बाजूला बाई रांधणार, बाकीच्या बाजूंनी घरची माणसं उंच स्टुलांवर बसून गप्पा मारत जेवणार. नुकतीच लग्न होऊन आलेली त्याची बायको अक्षदा शहापूरची. आल्यापासून तिला एकच गोष्ट खात होती. सासूला जेवताना तिने कधी पाहिलंच नव्हतं! सगळ्यांचं झालं, की सकुबाई चुलीपुढे भिंतीकडे तोंड करून चार घास उरकायची.

"आई, आपल्याकडे सगळी एकत्र बसून जेवू ना," असं ती पोर एकदा इतक्या आर्जवाने म्हणाली, की सकुबाईचं हृदय भरून आलं. तिला मुलगी नव्हती. ती म्हणाली, "तुमच्या मनाला येईल तसं करा गो."

नको म्हणायला कारण द्यावं लागलं असतं, आणि ते कारण तिला मेल्यावरही मुलाला सांगता येणार नव्हतं.

ओटा झाला. काळाभोर ग्रॅनाइट, चकचकीत, घराच्या बरोब्बर मध्ये. गाव बघायला लोटलं. शेजारची हिराबाई आत आली, मधोमध तो काळा दगड पाहून तिने चपला बाहेर काढून ठेवल्या, हात जोडले आणि हळूच विचारलं, "समाधी कोनाची म्हनायची?"

पहिल्या रात्रीच्या जेवणाला अक्षदाने चार ताटं मांडली. समोरासमोर दोन, दोन.

"आप्पा, बसा," अनिल म्हणाला.

धोंडीआप्पांनी दारातूनच स्टुलाकडे पाहिलं, मग ओट्याशेजारी उभ्या असलेल्या भावजयीच्या पायांकडे पाहिलं, कारण पायांच्या वर त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. "मला आज सोमवार हाय," ते म्हणाले आणि ओटीवर निघून गेले.

"आई, तू तरी बस."

"मी मागून जेवते रे."

मंगळवारी आप्पांना अंगारकी निघाली. बुधवारी पोट बिघडलं. गुरुवार, शनिवार, दोन्ही एकादश्या... ज्या देवांना आप्पांनी उभ्या आयुष्यात साधा नारळ वाढवला नव्हता, त्या सगळ्यांची थकबाकी ते त्या महिन्यात फेडू लागले. सकुबाईचं 'मागून' तर कधी उजाडेचना. आप्पा जेवल्याशिवाय ती कशी जेवणार? आणि ती आत असताना, मध्ये आडोसा नसताना, आप्पा कसे जेवणार? ती परसात जाऊन उभी राहायची, की आप्पांनी दोन घास खावेत. आप्पा शेताकडे निघून जायचे, की तिने खावेत. भात मधोमध, ग्रॅनाइटवर, गार होत राहायचा. सगळ्यांनी एकत्र जेवावं म्हणून बांधलेल्या ओट्यापायी घरातली दोन माणसं जेवायचीच थांबली!

तिला ते जुने दिवस आठवत... भाताची गाडी उलटून बारकू, तिचा नवरा, गेला तेव्हा अनिल रांगत होता. सगळं घर म्हणजे एकच लांबट खोली. तेराव्याचे दिवस झाल्यावर धोंडीआप्पा चार वडीलधाऱ्यांत बसून आले आणि कोणाशी न बोलता कोयता घेऊन रानात गेले. कारवीचा भारा आणला. दिवे लागायच्या आत खोलीच्या मधोमध कूड उभा राहिला. चुलीच्या बाजूची खोली तिची आणि लेकराची, अलीकडची आप्पांची. कुडाला ताटापुरती एक खिडकी. त्या खिडकीतून ती ताट सरकवायची आणि रिकामं ताट परत यायचं. आप्पा जेवले नसतील असा दिवस तिला ताटावरून कळायचा, आणि ती रडली असेल असा दिवस आप्पांना बहुधा भाकरीवरून.

बोलणं कधीच नाही. कामाचं काही असलं, तर आप्पा गोठ्यात जाऊन म्हशीला मोठ्याने सांगत, "चंद्रे, उद्या लावणीला सहा बाया येनार हायत जेवाला." सकुबाई चुलीपुढून ऐके आणि मग म्हशीला पाणी दाखवताना म्हणे, "तांदूळ सरलेत गो चंद्रे." त्या काळात तीन म्हशी बदलल्या, पण संभाषणात खंड पडला नाही. आणि गावात कोणाची छाती झाली नाही त्या घराकडे बोट करायची. दर दिवाळीला सकुबाई ती भिंत स्वतःच्या हाताने सारवायची. देव्हाऱ्याआधी!

...आणि ती भिंत पाडताना तिने पोराला पाणी दिलं होतं प्यायला.

एके दिवशी अक्षदाचा बांध फुटला. "आई, माझ्या हातचं जात नाही का हो घशाखाली? माझं चुकलं काय, ते तरी सांगा!"

"तुझं काय चुकंल गो बाय..."

"मग जेवत का नाही? हाडं दिसायला लागली तुमची!"

अनिल कामावरून नुकताच आला होता. घामाने डबडबलेला, त्यात हे. तो बोलू नये ते बोलून गेला. "तिला सूनच नको होती, अक्षदा! घरातलं राज्य गेलं ना हातचं! म्हणून हे उपासाचं नाटक, आणि आप्पांनाही सामील करून घेतलंय!"

सकुबाईच्या काळजात काहीतरी मोडलं. एक शब्द बोलली असती तर ती निर्दोष ठरली असती! पण तो एक शब्द काय होता? ज्या संशयाची सावलीसुद्धा पडू नये म्हणून दोन माणसांनी आयुष्य कुडाला बांधलं, तो संशय आईने मुलापुढे कोणत्या तोंडाने उच्चारावा? तिने ग्रॅनाइटवरचा गार भात झाकून ठेवला. सकाळी मात्र तिने दोन लुगडी फडक्यात बांधली. मी गेले की आप्पा तरी पोटभर जेवतील... एवढंच तिच्या मनात होतं.

ती फाट्यावरच्या एसटीच्या शेडखाली येऊन उभी राहिली. मुरबाडवरून शहापूरकडे, भावाच्या घरी जायचं होतं. हिराबाई तिथेच करवंदांची पाटी घेऊन बसली होती. सकुबाईने सहज रस्त्यापलीकडे पाहिलं. घाटाकडे जाणाऱ्या गाडीची वाट बघत, घोंगडी खांद्यावर आणि बोचकं काखेत घेऊन, धोंडीआप्पा उभे होते!

मग आप्पा आभाळाकडे बघत मोठ्याने म्हणाले, "हिराबाय! अनिलची आई कुठं चालली, विचार जरा."

"कुठं चाललीस गो सकू?"

"भावाकडं. त्यांना सांग, आता घरात कोन नाय. निवांत जेवा म्हनावं."

"ती म्हनते, निवांत जेव."

"मी कशाला जेवतोय? मी चाललोय घाटावरच्या दामूच्या मळ्यावर राखनीला! तिला सांग, घरी जा. ओट्यावर बस, जेव."

"तो म्हनतो..."

मध्ये ट्रक गेला.

"काय म्हनले?"

"अरे मेल्यांनो!" हिराबाई उसळली. "मी हितं करवंदं विकाला बसलीय, का तुमचं टपाल वाटाला?"

तेवढ्यात फाट्यावरून शीटा भरणाऱ्या कमळूची जीप येऊन थांबली. त्याने एका बाजूचं बोचकं पाहिलं, दुसऱ्या बाजूचं बोचकं पाहिलं आणि डोळा बारीक करून हाक दिली, "काय आप्पा! जोडीनं निघालात कुठं? या, दोन शीटा खाली हायत!"

जीपमधली माणसं हसली.

सकुबाईला धरणीने पोटात घ्यावं असं वाटलं. इतकी वर्षं ज्या एका वाक्याच्या भयाने ती भिंतीआड जगली, ते वाक्य भर रस्त्यात, हसत हसत, फुकट बोललं गेलं होतं! पलीकडे आप्पांचं बोचकं काखेतून गळून पडलं.

आणि नेमकी अनिलची मोटारसायकल येऊन थांबली. मागे अक्षदा, रडून डोळे सुजलेली.

"आई! एका ओट्यावरून घर सोडतेस? गावाला तमाशा दाखवतेस?"

"अनिल!"

तो आवाज सकुबाईने कधीच ऐकला नव्हता. धोंडीआप्पा रस्ता ओलांडून येत होते. इकडे बघितलं नाही, तिकडे बघितलं नाही, एसटी कचकन ब्रेक दाबून थांबली, तिलाही पाहिलं नाही.

"आयेला एक शबूद बोलू नको. भिंत तू पाडलीस ना? ती मी घातलीवती! तुझा बा गेला तवा लोकं म्हनली, पोर ठेव, बाईला माहेरी धाड. मी म्हनलो, आयेबिगर पोर कसं जगंल? तर म्हनली, मग एका घरात तुमी दोघं..." आप्पांनी खांद्यावरची घोंगडी मुठीत आवळली. "म्होरलं मी ऐकलं नाय. उंबरमाळीच्या पोरीशी माझी लग्नाची सुपारी फुटलीवती, ती मागं घेतली. रानात गेलो, कारवी तोडली, कूड घातला. त्या कुडामुळं तुला आई मिळाली रे! नायतर ती भावाकडं नि तू माझ्याकडं..."

एसटीचा कंडक्टरसुद्धा दारात उभा राहून ऐकू लागला. कमळूने जीपचं इंजिन बंद केलं.

अनिलच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. ज्या भिंतीवर त्याने इतक्या अभिमानाने घण घातला होता... तो मटकन खाली बसला, आईचे पाय धरून लहान लेकरासारखा हुंदके देऊ लागला. "आई... मला सांगायचं होतंस गं! एकदा तरी! आजच्या आज भिंत घालतो... तो ओटा फोडून टाकतो..."

अक्षदा सासूच्या गळ्यात पडली. "आई, मी तुमच्या जेवणासाठी सगळं केलं, आणि तुमचाच घास काढून घेतला!"

सकुबाईने दोघांच्या डोक्यांवर हात ठेवले. मग तिने डोळे पुसले, जीपकडे पाहिलं, जीपमधल्या आता न हसणाऱ्या माणसांकडे पाहिलं.

"नको रे," ती म्हणाली. "भिंत नको आता. ज्यांच्यासाठी घातलीवती त्यातली निम्मी वर गेली, नि निम्म्यांना दिसत नाय. आता उरला हा कमळू. ह्याच्यासाठी मी परत सारवत बसू?"

कमळूने मान खाली घातली.

आणि मग सकुबाई वळली. डोक्यावरचा पदर तिने नीट केला, पण पुढे ओढला नाही. आयुष्यात पहिल्यांदा, मध्ये म्हैस नाही, भिंत नाही, हिराबाई नाही, अशा ठिकाणी उभी राहून ती सरळ म्हणाली, "आप्पा, चला घरी. भात निवंल."

धोंडीआप्पांच्या सुरकुतल्या गालांवरून आसवं ओघळली. त्यांनी रस्त्यापलीकडचं बोचकं उचलून आणलं.

घरी अक्षदाने ताटं मांडली. अनिलने आप्पांना दोन्ही बगलांत हात घालून स्टुलावर चढवलं. समोर सकुबाई बसली. ओट्याची कड दोन्ही हातांनी धरून, पण बसली! दारात हिराबाई, कंपाउंडपाशी कमळू, मागे अर्धी वाडी. अक्षदाने सासूला वाढलं आणि पहिल्यांदा तिला जेवताना पाहिलं. एक घास... दुसरा घास... पोरीला हुंदका आवरेना. अनिल तोंड फिरवून भिंतीकडे, म्हणजे जिथे भिंत होती तिकडे, बघत राहिला. सगळ्यांना ठाऊक होतं, आता आप्पा बोलणार. एवढ्या वर्षांचं साचलेलं, त्या माऊलीला पहिल्यांदा सरळ तोंडावर काहीतरी बोलणार!

धोंडीआप्पांनी घास खाली ठेवला. हळूहळू नजर वर उचलली. सकुबाईच्या ताटावरून, हातांवरून, थेट चेहऱ्यापर्यंत. सकुबाईचा घास हातातच राहिला.

"अनिलच्या आये..." आप्पा म्हणाले.

"जी..."

"ह्या पोराला सांग, मला खाली उतरव. पाय लोंबून लोंबून मुंग्या आल्या... मी आपला खाली बसून जेवतो."