कोरड्या ओढ्याची फेरी

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातली दोन तासांची फेरी! सहलीच्या मैदानातून निघायचं, मागच्या धोंड्यांच्या टेकडीला वळसा घालायचा आणि परत मैदानात उतरायचं. पुढच्या रविवारी घाटकोपरचं कातळमित्र मंडळ चाळीस शाळकरी मुलांना तिथे नेणार होतं, आणि त्या सहलीचं नेतृत्व सुगंधाला हवं होतं. सहा वर्षं ती मंडळात दोर वाहत होती. पुढे चालायची पाळी काही येत नव्हती. आज चाचणी फेरी पूर्ण केली तरच मुलं तुझ्या हाती, असं चिटणीस शिवदासने बजावलं होतं. दिवस १९८६ च्या मे महिन्याचे होते.

बरोबर स्वतः शिवदास होता आणि मुलुंडच्या कारखान्यातले फिटर धाकूकाका. वाटेचा कागदही शिवदासनेच लिहिलेला.

"पहिला धबधबा उजव्या हाताला ठेवा," सुगंधाने वाचलं. समोर नुसता काळा, तापलेला कातळ. "कुठला धबधबा, शिवदास?"

"असेल ना इथेच. पुढे वाच."

"दुसऱ्या ओढ्याच्या आवाजाच्या रोखाने चढा." तिने कान दिला. वाळकी पानं तेवढी करकरत होती. "हा कागद लिहिलास कधी रे?"

"जुलैमध्ये. आपण ट्रेकला पावसाळ्यातच जातो ना!"

सुगंधाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एकाही शहाण्याने मंडळात हा प्रश्न विचारला नव्हता. तिनेही नाही, म्हणून तर जास्तच राग येत होता.

तरी ती चढली. एकासारखे एक धोंडे, मधून काटेरी झुडपं, हात टेकावा तिथे चटका. वाट कळावी म्हणून तिने काकांच्या तंबाखूच्या डबीतला चुना घेऊन एका धोंड्यावर ठिपका काढला. पाऊण तासाने पुन्हा तोच ठिपका समोर! आणखी अर्ध्या तासाने पुन्हा तोच!

"वाट लागली," शिवदास पुटपुटला.

"वाट लागली असती तर बरं झालं असतं," ती फिस्कारली.

वॉटरबॅगेत दोन घोट उरले होते. तिने ती काकांपुढे धरली.

"माका नको गो, तुका ठेव," काका म्हणाले आणि बसल्या जागी कलंडले. अंग विस्तवासारखं तापलेलं, घाम मात्र नाही! ते भलतंच काही बडबडू लागले.

"टेकडीच्या पलीकडे असेल वाट," शिवदास म्हणाला. "वीस मिनिटांत फेरी पूर्ण होईल."

सुगंधाने वर पाहिलं. वीस मिनिटं! ती फेरी तिला फार हवी होती. मग तिने काकांकडे पाहिलं.

"फेरी गेली खड्ड्यात. ओढ्याच्या उताराने सरळ खाली!"

दोघांनी काकांना खांद्यावर घेतलं. वाटेत बारा फुटांचा कडा आडवा आला. हाच तो धबधबा! तिने काकांच्या तोंडात पाणी सोडलं. काखेतून दोर बांधला. झाडाच्या बुंध्याला वेढा दिला.

"सोड! हळू! थांब, पाय अडकला!" आधी खाली उतरलेला शिवदास ओरडला.

दोर तळव्यांतून सरसरला. कातडी सोलली. तिने सोडला नाही. काका अलगद तळाला टेकले!

मैदानातल्या पहारेकऱ्याने अंगावर माठ रिकामा केला, तेव्हा काकांनी डोळे उघडले. त्यांना दवाखान्यात न्यायला तो गाडी बघायला धावला.

शिवदासने हळूच अहवालाचा फॉर्म काढला. "फेरी पूर्ण, असं लिहून टाक ना. कागद मी दुरुस्त करतो. रविवारी मुलं तुझी."

क्षणभर तिला मोह झाला. खोटं कशाला बोला, चांगलाच झाला. मग तिने सोललेल्या हातात पेन धरलं आणि लिहिलं: 'फेरी अपूर्ण. ही वाट उन्हाळ्यात मुलांसाठी बंद करावी. रविवारची सहल रद्द.'

"वेडी आहेस का? मग तुला काय मिळालं?"

"काही नाही," ती चिडून म्हणाली.

फॉर्मच्या तळाशी 'पथकप्रमुख' असा रकाना होता. सहा वर्षांत तिथे तिची सही कधी लागली नव्हती. डोळे पुसून तिने पूर्ण नाव लिहिलं.