विनीचा उजवा हात

"आई तुझ्यापायी गेली, आता मीही तुझ्यापायीच मरायचं का गं?"

विनीच्या तोंडून शब्द निसटले आणि स्वयंपाकघरात क्षणभर चुलीवरच्या किटलीचाच तेवढा आवाज उरला. एकोणीस वर्षांच्या थेल्माच्या काळजात कुणीतरी तापलेली सळई खुपसावी तसं झालं! तिला जन्म देतानाच आई गेली होती. बारा वर्षांच्या विनीनं तिला कडेवर घेऊन वाढवलं होतं, तिच्यापायी स्वतःला आलेलं स्थळ नाकारलं होतं... आणि आज थेल्मा म्हणत होती की, मी सिरिलशी लग्न करून जाणार. दोघी बहिणी बर्स्लेम गावातल्या एकाच कारखान्यात चिनीमातीच्या बशांवर गुलाब रंगवायच्या. विनीसारखा गुलाब तर अख्ख्या गावात कुणाच्या हातून उतरत नसे.

टेबलावरची ताटली थेल्माच्या हातात कधी आली, तिला कळलंही नाही. ती सुटली, दाराच्या चौकटीवर फुटली, आणि चौकटीला धरून उभ्या असलेल्या विनीच्या उजव्या मनगटात तिचा तुकडा खोलवर घुसला.

इस्पितळातल्या डॉक्टरांना जखमेचा संशय आला. त्यांनी पोलीस बोलावला. वेदनेनं पांढरीफटक पडलेली विनी त्या हवालदाराला म्हणाली, "धुताना हातात फुटली हो. मीच मेली धांदरट!"

थेल्मा पलंगाच्या पायथ्याशी उभी होती. एक शब्द... एकच शब्द तिनं उच्चारायला हवा होता. तो तिच्या ओठांवर आला आणि तिथंच गोठला.

मनगट भरून आलं, पण तीन बोटं वाकली ती वाकलीच. विनीचा कुंचला सुटला. ती त्याच कारखान्याच्या तळघरात, पेंढ्यात बशा गुंडाळून खोक्यांत भरण्याच्या कामाला लागली. आणि वरच्या मजल्यावर, खिडकीजवळच्या तिच्या जागेवर, थेल्मा बसली! थेल्माचं लग्न झालं, सिरिल सज्जन निघाला, संसार फुलला. दर रविवारी प्रार्थना आटोपून विनी जेवायला यायची. तिच्या ताटातलं मांस थेल्मा बारीक कापून द्यायची. तेव्हा दोघींच्या नजरा ताटाच्या वर कधी उठायच्या नाहीत. ताटलीचा विषय विनीनं कधी काढला नाही. थेल्मालाही तो काढायचा धीर झाला नाही... अशी बारा वर्षं गेली.

आणि मग थेल्माला पत्र आलं. स्टॅफर्डच्या न्यायालयात ज्यूरी म्हणून बसायचं होतं.

आरोपी होता चाळिशीतला एक गवंडी. दारूच्या गुत्त्यात भांडताना त्यानं मेव्हण्याच्या अंगावर काचेचा पेला भिरकावला होता. मेव्हण्याच्या गालावर कानापर्यंत व्रण होता, तरीही तो साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहून कळवळून म्हणाला, "साहेब, घरातलीच भांडणं ही. मी माफ केलंय त्याला. सोडा की!"

न्यायाधीश वृद्ध होते. शांतपणे ते ज्यूरीला म्हणाले, "कातडी आरपार फाटली की कायद्यानं ती जखम झाली. जखमी माणसानं माफ केलं म्हणून गुन्हा पुसला जात नाही. तुम्ही पाहायचं ते हे, की पेला सुटला त्या क्षणी आरोपीच्या मनात काय होतं? इजा व्हावी असंच वाटत होतं, की कुणाला लागेल हे कळत असूनही त्यानं पर्वा केली नाही?"

त्या क्षणी मनात काय होतं...! थेल्माच्या कानांत घण बसावा तसा तो प्रश्न घुमत राहिला. बारा जणांनी गवंड्याला दोषी ठरवलं; त्या बारांत एक आवाज तिचाही होता! त्याला दीड वर्षाची कैद झाली. त्याच्या बायकोचा आक्रोश तिला बाहेरच्या पायऱ्यांपर्यंत ऐकू येत होता. ज्या ओठांनी आपल्या अपराधाची कबुली दिली नाही, त्याच ओठांनी आज दुसऱ्याला अपराधी म्हटलं... धिक्कार असो आपला!

ती घरी गेली नाही. बर्स्लेमची बस पकडून थेट पोलीस ठाण्यात गेली आणि सगळं सांगितलं.

इन्स्पेक्टर दाढी खाजवत म्हणाला, "बाई, बारा वर्षांपूर्वीची गोष्ट ही. तुमच्या बहिणीला विचारावं लागेल."

दुसऱ्या दिवशी त्यानं थेल्माला ठाण्यात बोलावलं, तेव्हा विनी आधीच आलेली होती. कामावरून तशीच, एप्रनला पेंढ्याच्या काड्या चिकटलेल्या.

"खोटं बोलतेय ही!" ती टेबलावर डावा हात आपटत म्हणाली. "माझ्या हातात फुटली म्हणून मी तेव्हाही सांगितलंय, आताही सांगते. लिहून घ्या!"

इन्स्पेक्टरनं दोघींकडे आळीपाळीनं पाहिलं आणि दौतीचं झाकण लावलं. "मग माझ्याकडं पुरावा कुठाय? मी हे पुढं नेणार नाही. जा घरी."

"अहो, मला शिक्षा हवीय!" थेल्मा किंचाळली.

"ते माझ्या हातात नाही, बाई."

बाहेरच्या अरुंद बोळात लाकडी बाक होतं. विनी त्यावर मटकन बसली. एवढा वेळ तटतटलेला तिचा चेहरा एकदम ओला झाला.

"बारा वर्षं!" ती म्हणाली. "दर रविवारी तुझ्याकडं येत होते मी. वाटायचं, आज बोलेल... आज तरी बोलेल! आणि बोललीस ती कुणापाशी? तर त्या पोलिसापाशी! माझं घर काय तुला लांब पडत होतं का गं?"

थेल्मा तिच्या पायांशी फरशीवरच बसली. "विनी... मी चौकटीवर नव्हती फेकली. तुझ्यावरच फेकली होती. तुला लागावं, असंच वाटत होतं गं मला त्या क्षणी!"

"ठाऊक आहे. तुझे डोळे बघितले होते मी."

"मग तू मला का वाचवलंस?"

विनीनं एप्रनवरची पेंढ्याची एक काडी उपटून काढली. "ताटली तू नंतर फेकलीस," ती म्हणाली. "आधी मी आईचं नाव घेतलं. आईविना वाढलेल्या पोरीला असं बोलायचं असतं का? माझं मनगट सगळ्यांनी बघितलं, पण तुझं आत काय फाटलं होतं ते कोण बघणार होतं? तेव्हा क्षमा मागायला मलाही तोंड नव्हतं. आज मागते."

थेल्मानं तिचा उजवा हात हातांत घेतला. मनगटावरच्या व्रणाच्या उंचवट्यावरून बोट फिरवताना तिला हुंदका आवरेना... वाकलेली ती तीन बोटं अवघडत, हळूहळू तिच्या तळव्याभोवती मिटली.

"विनी, हे कसं भरून निघायचं गं?"

"नाहीच निघायचं." विनीनं एप्रनच्या टोकानं आधी तिचे डोळे पुसले, मग आपले. "ऊठ, फरशी गार आहे. इथं माझ्या शेजारी बस... आणि सांग मला. त्याला सांगितलंस तसं, सगळं."

बोळातून ये-जा करणारे शिपाई त्यांना वळसा घालून जात राहिले, आणि थेल्मा अगदी पहिल्यापासून सांगू लागली.