झरीच्या जमिनीचा पंचनामा

साधं सरकारी काम होतं. झरीला जायचं, कुंपण घातलेल्या एका शेताची तपासणी होताना हजर राहायचं आणि पंचनामा लिहून आणायचा. तीन वर्षांपूर्वी कुण्या भंगारवाल्याने त्या शेतात दवाखान्याचं किरणांचं जुनं यंत्र फोडलं होतं. माती बाधित झाली आणि सातबाऱ्यावर शेरा पडला, लागवडीस मनाई. किरणं मर्यादेखाली आल्याशिवाय शेरा उठत नाही, आणि ती मोजायची तर माती हातभर खणावी लागते.

आम्ही खणली नाही. आदल्या दिवशीच आम्ही वर नवी माती पसरली होती, तिच्यावर किरणं मोजायचं यंत्र टेकवलं. आकडा छान आला. मला किळस आली, स्वतःचीच. पण आमच्या तहसीलदार साहेबांना शेरा उठवायचा होता, आणि साहेबांच्या तोंडी कोण लागणार?

पंच दोन लागतात. एक आमचा ड्रायव्हर चिमण. दुसऱ्याचं नाव मी, आम्ही कारकून नेहमी करतो तसं, जुन्या पंचनाम्यावरून उतरवलं. धाकल्या, शेतमालकीण रूपीचा नवरा. चिमणला म्हटलं, बोलव त्याला.

चिमण पाड्याकडे गेला. भर दुपारी कुंपणाच्या आतून एक माणूस चालत आला. मी नाव घेतलं तशी त्याने हाताची चिंधी सोडली आणि कागदावर अंगठा दाबला. सडलेल्या बोंबलासारखा भपकारा आला. अंगठा उचलला, तर कातडं कागदालाच राहिलं... मला कोरडी ओकारी आली. तोंड पुसून मान वर केली, तर समोर कोणी नव्हतं.

चिमण रूपीला घेऊन परतला. कोणाचा अंगठा, तिने विचारलं. मी नाव सांगितलं. तिने कागद जवळ घेऊन पाहिला.

"त्याला जाऊन दोन वरसां झाली, साहेब. हातच कुजला त्याचा." मग हळूच म्हणाली, "आता भात लावू ना?"

ते कातडं मी नखाने खरवडून टाकलं. म्हणालो, लाव.

शेरा उठला. पीक आलं.

आज संध्याकाळी डहाणूला घरी आलो तेव्हा पायरीवर कोणीतरी पाठमोरं बसलं होतं. मी बाजूने आत गेलो. बायको, सरला, ताट वाढत होती. झरीहून एक माणूस नवा तांदूळ घेऊन आलाय, म्हणाली.

"साहेबांनी जमीन चांगली केली, म्हणतो, पहिला भात त्यांच्याच घरी शिजू दे. मुलं जेवली. अदितीने तर दोनदा मागून घेतला. बसा तुम्ही पण..."

मी उभाच राहिलो.

"बसा ना. तुम्ही जेवल्याशिवाय तो उठणार नाही म्हणतो."