पांढरी गाडी टेसाच्या दारात

टेसा कुबिकची गाडी बंद पडली ती नेमकी नेल्स लिंडक्विस्टच्या फाटकासमोर. त्यात तिचा काही डाव नव्हता, हे आधीच सांगून ठेवते. पुढे गावात जे काही बोललं गेलं ना, त्यासाठी सांगायला हवं.

नोव्हेंबरचा पाऊस होता. नेब्रास्काच्या वाळूच्या टेकड्यांत हा पाऊस वरून पडतच नाही मुळी, आडवा येतो, आणि निम्मं पाणी तर निम्मं बर्फ. वडिलांच्या जुन्या पिकअपने आचके दिले आणि ती गप्प झाली. टेसाने स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. उन्हाळ्यात वडील गेले होते. आता त्यांची गाडीही गेली.

"रडून इंजिन सुरू होत नाही," काचेबाहेरून आवाज आला. "मी करून पाहिलंय."

तिने दचकून काच खाली केली. "मी रडत नाहीये. पाऊस आहे हा."

"गाडीच्या आत?"

तिला हसू आलं... आणि हसू आल्याचाच राग आला. नेल्सला ती ओळखत होती. शाळेच्या बसमध्ये मागच्या सीटवर बसणारा, थोरल्या भावाच्या, कार्लच्या, सावलीसारखा वावरणारा मुलगा. कार्ल गेल्या हिवाळ्यात आजारपणात गेला, हे सगळ्या गावाला माहीत होतं. नेल्सच्या डोळ्यांत मात्र भाऊ कालच गेल्यासारखं दुःख होतं.

त्याने बॉनेट उघडलं, वाकून पाहिलं आणि हळूच बंद केलं. "हिला आता सोडून दे. खूप केलं बिचारीने."

"मग मी काय करू? पायी फिरू?"

त्याने हनुवटीने फाटकाकडे खूण केली. तिथे दोन पिकअप शेजारी शेजारी भिजत उभ्या होत्या. एक लाल, लहानखुरी. दुसरी पांढरी, चांगली थोराड, आत चढताना धरायला कडी लागेल अशी. दोन्हींच्या काचेला आतून पुठ्ठे लावले होते – 'विकणे आहे'.

"दोन्ही विकतोयस?"

"एकच. जी आधी जाईल ती." त्याने टोपी पुढे ओढली. "लाल माझी, पांढरी कार्लची. लाल गेली तर पांढरी राहील, मग इथेच गुरं पाळायची. पांढरी गेली तर लाल घेऊन दूर उत्तरेला, डुलुथला जायचं, बहिणीकडे. मेव्हण्याने बोटी दुरुस्तीच्या गोदीत काम बघून ठेवलंय."

"आणि तुला काय हवंय?"

तो पावसाकडे बघत राहिला. "मला ना... कुणीतरी ठरवून दिलेलं हवंय."

"वा! म्हणजे गाडी मी घ्यायची आणि तुझं नशीबही मीच घरी न्यायचं?"

"भाव त्या हिशोबाने लावलाय," तो म्हणाला. पहिल्यांदाच त्याच्या गालाला खळी पडली. टेसाने ती पाहिली आणि पटकन नजर काढून लाल गाडीवर ठेवली.

खरं तर लालच घ्यायला हवी होती. तिला ओमाहाला जनावरांच्या दवाखान्यात नोकरी लागली होती. आठवड्याभरात निघायचं होतं. शहरातल्या गल्लीबोळांत लाल पिकअप कुठेही मावली असती. राहता राहिली लिस्का, वडिलांची तांबूस घोडी. शेजारचा म्हातारा एमिल शनिवारी तिला घेऊन जाणार होता. घोडीच नाही म्हटल्यावर घोड्याचा ट्रेलर ओढणारी गाडी कशाला हवी?

"शहरात जातेयस तर लाल घे," नेल्सही म्हणाला. "पांढरी तिथे कुठे उभी करशील? रस्त्यात बैल बसल्यासारखी दिसेल."

"आधी पांढरी चालवून बघते."

"का?"

"नको म्हणायला तरी चालवायला नको का?"

आमच्याकडे गाडी विकताना फाटकापर्यंत एक चक्कर मारून देत नाहीत. किल्ली हातात देतात आणि सांगतात – ने घरी, चार दिवस वापर, मग बोल. नेल्सने तेच केलं. किल्ली देताना त्याची बोटं तिच्या तळव्याला लागली. थंडगार होती... तरी तिला चटका बसल्यासारखं झालं.

पांढऱ्या गाडीत सुक्या गवताचा आणि ओल्या कुत्र्याचा वास होता. टेसाने दुसऱ्या दिवशी ट्रेलर जोडला, लिस्काला चढवलं आणि नदीकाठच्या कुरणावर नेलं. वडील गेल्यापासून घोडी आपल्या जागेवरून हलली नव्हती. त्या दिवशी मात्र ती शेपूट उंचावून अशी काही पळाली, की टेसा पावसात उभी राहून मोठमोठ्याने रडली. खूप दिवस साठलेलं होतं. बाहेर पडलं ते बरंच झालं.

परतली तर पायरीवर नेल्स बसलेला. लाल गाडी कुंपणाशी.

"सांगायला आलो. गार हवेत तिसरा गिअर अडतो. जरा लाडीगोडी लावावी लागते."

"तुझ्यासारखाच म्हणायचा."

"मला कुठे कुणी लाडीगोडी लावून पाहिलीय?"

"कॉफी घेशील?" टेसाने विचारलं, आणि पाठ फिरवली. कानाच्या पाळ्या तापल्या होत्या, त्या त्याला दिसायला नको होत्या.

मग तो रोज काही ना काही सांगायला येऊ लागला. वायपरचं, हीटरचं, डाव्या दाराच्या कुरकुरीचं. एका गाडीत सांगण्यासारखं इतकं काय असतं हो! दोघं पायरीवर बसायची, ओल्या टेकड्यांकडे बघत कॉफी प्यायची. एकदा गाडीचे विषय संपले, तेव्हा तो कपाकडे बघत म्हणाला, "कार्लचे बूट अजून दाराशीच आहेत. उचलायला वाकतो... आणि तसाच उभा राहतो. त्या घरात मला झोप येत नाही टेसा."

 तिने आपला खांदा त्याच्या खांद्याला टेकू दिला. तोही सरकला नाही.

शनिवार उजाडला. टेसाने लिस्काला घासूनपुसून चकचकीत केलं आणि वाट बघत बसली. एमिल आला नाही. दुपार कलली तरी नाही. आणि गंमत बघा, तो येत नाही म्हणून तिला हायसं वाटत होतं. जसजसा वेळ गेला तसतसं जास्तच.

आली ती अॅग्नेस आत्या. हातात मोठं ताट, ताटात जर्दाळूचे कोलाचे, म्हणजे आमच्याकडे सणासमारंभाला करतात ते गोड पाव, वर स्वच्छ फडकं. आत येताच तिने टेसाला छातीशी धरलं आणि डोळे पुसले.

"तुझा बाप, माझा मिलो, असता तर किती आनंदला असता गं! आणि तू मात्र आत्याला एका शब्दाने बोलली नाहीस."

"काय बोलले नाही?"

"बाई गं, गाव काय आंधळं आहे? लिंडक्विस्टांची पांढरी गाडी रोज सकाळी तुझ्या दारात उभी दिसते! सगळे बघतात हो. मी काही नावं ठेवत नाही. आमच्या वेळी आधी चर्च आणि मग गाडी, एवढंच."

टेसाच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आमच्या टेकड्यांत माणूस गाडीवरून ओळखतात. एवढ्या लांबून चेहरा दिसतो कुणाचा? पांढरी दारात म्हणजे नेल्स घरात. विकायला काढलेली गाडी कुणी बघायला नेली असेल, हे एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

"आणि एमिल? तो घोडी न्यायला का नाही आला?"

"तो कशाला येईल? म्हणाला, पोरगी इथेच संसार मांडतेय, आता ती घोडी थोडीच देणार!"

आत्याची समजूत घालण्यात अर्थ नव्हता. टेसा तिला ताटासकट तिथेच सोडून पांढऱ्या गाडीत चढली आणि थेट नेल्सच्या फाटकाशी येऊन थांबली. तो लाल गाडीचं तेल बदलत होता.

"अख्ख्या गावाने आपलं लग्न लावलंय!" ती गाडीतून उतरता उतरताच ओरडली. "आत्या कोलाचे घेऊन आलीय!"

नेल्स गाडीखालून बाहेर आला, गालाला काळं तेल लागलेला. आधी नुसता बघत राहिला. मग हसला... असा हसला की त्याला गाडीला धरून उभं राहावं लागलं. कार्ल गेल्यापासून त्या अंगणात कुणी हसलं नव्हतं. हसता हसता तो एकदम थांबला.

"कसले आहेत?"

"काय?"

"कोलाचे."

"जर्दाळूचे. नेल्स, मी गंभीरपणे बोलतेय!"

"मीही." त्याने हात चिंधीला पुसले. बराच वेळ पुसत राहिला. "गावाचं निम्मं खरं आहे. माझ्याकडचं निम्मं. गिअर बिअर काही अडत नाही टेसा. मी आपला... तुझ्या पायरीवर बसायला येत होतो."

पावसाची बारीक झड आली.  इतके दिवस जे ऐकायचं होतं ते ऐकायला मिळालं होतं, पण तिचा स्वतःचा निर्णय अजून सांगायचा राहिला होता. आणि तो सांगितला की हा माणूस जाणार होता.

"मी पांढरी घेतेय," ती म्हणाली. "ओमाहाला कळवून टाकते. एमिल आला नाही तेव्हा मला कळलं, मला लिस्काला द्यायचंच नव्हतं. मला इथून जायचंच नव्हतं."

त्याचा चेहरा उजळला आणि तसाच विझला. पांढरी गेली म्हणजे उरली लाल. त्याचं त्यानेच तसं ठरवून ठेवलं होतं.

"मग... थांब म्हण ना मला," तो हळूच म्हणाला. "तू म्हणालीस तर थांबतो."

अहो, शब्द अगदी ओठांवर आले होते तिच्या! थांब, माझ्याकडे राहा, त्या बुटांच्या घरात पाऊल टाकू नकोस. पण तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. आधी सगळं भावाने ठरवलं, मग काचेवरच्या पुठ्ठ्यांनी, आता तिने ठरवायचं. तिने थांब म्हटलं तर तो थांबला असता आणि एखाद्या वाईट हिवाळ्यात तिच्याकडे बघून म्हणाला असता, तूच थांबवलंस.

"नाही म्हणणार," ती म्हणाली.  "माझं प्रेम आहे तुझ्यावर, आणि तरी नाही म्हणणार. मी माझं ठरवलं. तुझं तू ठरव."

 तीन-चार दिवसांनी, एका काळवंडलेल्या सकाळी, तो निघाला.

टेसा निरोपाला आली ती पांढऱ्या गाडीच्या हौद्यात वाळूची पोती घालून. हलकी पिकअप, रिकामा हौदा आणि खाली बर्फ – मागची चाकं नाचतात नुसती. इथलं शेंबडं पोरही थंडीत हौद्यात वाळू टाकल्याशिवाय गाडी काढत नाही, आणि हा बाबा रिकामाच निघाला होता. तिने एकेक पोतं ओढून त्याच्या लाल गाडीत टाकलं, चाकांच्या बरोबर वर. तो मदतीला आला तर तिने त्याला कोपराने दूर सारलं.

"तू जावंस असं मला वाटत नाही," ती धापा टाकत म्हणाली. डोळे घळाघळा वाहत होते. "पण जाताना घसरावंस असंही वाटत नाही."

नेल्सने तिचे वाळूने भरलेले हात धरले. त्यावर ओठ टेकवले, मग तिच्या ओठांवर. वाळू दाताखाली आली दोघांच्याही.

"मला डुलुथला जायचंय," तो म्हणाला. "जरा झोपायचंय. दाराशी कार्लचे बूट नसलेल्या घरात. आणि बर्फ वितळलं की मी परत येणार आहे."

"विचारतोयस मला?"

"नाही," तो म्हणाला. "सांगतोय."

लाल गाडी उतारावरून निघाली, वळणावर जराही न घसरता सरळ गेली आणि टेकडीआड झाली. टेसा मनसोक्त रडली. मग पांढऱ्या गाडीत बसून घराकडे वळली. समोरून एमिलची गाडी आली. पांढरी पाहून म्हाताऱ्याने सवयीने स्टिअरिंगवरचं बोट उचललं, नेल्सला नमस्कार म्हणून. टेसानेही बोट उचललं, आणि नेल्सच्या वतीने त्याचा नमस्कार घेतला.