खरवडलेला खांब

शिरोंड्याच्या खाडीवरचा पोलादी पूल तीन पावसाळे खाऱ्या वाऱ्यात उभा होता आणि गंज त्याला शिवलासुद्धा नव्हता. गाव ताठ मानेनं फिरे, कारण पुलावरचा लेप गावच्याच डॉ. रंजिता पागधरेनं शोधला होता. आज तपासणी होती. सरकारी तपासनीस उपाध्ये साहेबांनी लेप पास केला, तर किनाऱ्यावरच्या साऱ्या पुलांना तोच लेप लागणार. नाही तर तिची इतक्या वर्षांची मेहनत पाण्यात.

साहेबांना घेऊन रंजिता पुलाखाली उतरली आणि थबकलीच. पहिला खांब कंबरेच्या उंचीला चक्क गुलाबी पडला होता. पोलाद उघडं पडलं, की लेप हा रंग दाखवी. शेजारी तिची आई धुर्पदाबाई चार बायकांसोबत कोयता घेऊन उभी, तोंडभर हसत. होडीच्या तळाची कालवं खरवडतात, तसा त्यांनी सकाळीच खांब खरवडला होता.

"आये, हे काय केलंस गो?"

"साहेब येनार नि खांबाला कालवं? लोक काय म्हनतील?"

रंजिताला रडूच फुटायचं बाकी होतं. आता या माऊलीवर रागवायचं तरी कसं?

"लेपाचा नवा हात मारून घ्या, मी दुपारी येतो," साहेब म्हणाले. माणूस भला होता.

"नको साहेब. लेप आपला आपण भरून येतो, हाच माझा दावा आहे. भरती येऊ दे."

भरती आली. लेपात डोळ्यांना न दिसणारे नॅनोकण होते. खारं पाणी लागलं, की आजूबाजूचे कण उघड्या पोलादाकडे सरकत आणि जखमेवर खपली धरावी तसे घट्ट बसत. सगळी मंडळी काठावर भाकरी खात बसली.

ओहोटी लागली. खांब वर आला, तो स्वच्छ राखाडी. साहेबांनी यंत्र लावून जागोजाग तपासलं, पुन्हा तपासलं.

"पास," ते म्हणाले. बायकांनी रंजिताला मिठीच मारली. पोरीनं गावाचं नाव काढलं होतं.

साहेब मात्र खांबाकडेच बघत राहिले. "गंज दिसायचा, म्हणून आम्ही यायचो. आता तो दिसणारच नाही. उद्या दुसरंच काही बिघडलं, तर या पुलाकडे बघायला येणार कोण?"



"येनार कोन म्हंजे?" धुर्पदाबाई म्हणाली. "आमी काय मेलो काय?"